फ्रेममधले आगंतुक

हल्लीच्या फोनमध्ये फोटोतलं नको ते पुसायची सोय असते. मागून जाणारा माणूस, विजेची तार, कोपऱ्यातली कचऱ्याची बादली, काहीही असो, बोट फिरवलं की गायब. गूगलनं 2021मध्ये पिक्सेल फोनवर ‘मॅजिक इरेझर’ आणलं तेव्हा लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं. मला गंमत वाटली, कारण याच कामावर माझं पोट चाललंय.

कोल्हापुरात आमचा फोटो स्टुडिओ होता. बाबा फोटो काढायचे आणि मी रिटचिंग करायचे. तिरक्या काचेवर नेगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड सोडायचा, वर भिंग धरायचं, हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा डाग नेगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. तिथं पेन्सिलीचे बारीक ठिपके देत गेलं की प्रिंटमध्ये डाग उरत नाही. मागचं सगळंच नको असेल, तर ‘ओपेक’ नावाचा दाट रंग ब्रशनं नेगेटिव्हवर चढवायचा. त्यातून उजेड पलीकडे जात नाही, त्यामुळे प्रिंटमध्ये तेवढा भाग पांढराशुभ्र येतो. वरातीत मधेच घुसलेला भाचा, नवरीच्या डोक्यामागचा ट्यूबलाइट, आजोबांच्या खुर्चीशेजारची एरंडेलाची बाटली, असं बरंच काही मी या हातानं पुसलेलं आहे.

आता स्टुडिओ नाही. सकाळी फिरायला जाते तेव्हा फोनवर फोटो काढते, आणि जन्मभर केलं त्याच्या बरोबर उलटं करते. न बोलावता फ्रेममध्ये येणाऱ्यांचीच वाट पाहते. कारण रोजच्या साध्या फोटोत अचानक एखादी सुरेख रचना सापडते, ती बहुतेक वेळा या आगंतुकांमुळेच. आपण ज्याचा फोटो काढायला गेलो, त्याच्यामुळे क्वचित.

डोळा निवडतो, कॅमेरा निवडत नाही

फोटो काढताना आपल्याला न दिसलेल्या गोष्टी फोटोत येतात कशा? डोळ्यासमोर असून दिसत नाहीत, त्याला कारण आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा अगदी मधला छोटासा भागच लख्ख पाहू शकतो. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या रुंदीएवढंच आपल्याला एका वेळी खरं स्पष्ट दिसतं. बाकीचं धूसर असतं. डोळा सेकंदाला तीनेक वेळा जागा बदलतो आणि त्या तुकड्यांतून मेंदू एक सलग चित्र उभं करतो. ते करताना तो स्वतःच्या कामाचं तेवढं ठेवतो. नातवाचा फोटो काढायला गेलो की नातू दिसतो. त्याच्या कानातून निघाल्यासारखा दिसणारा नळ दिसत नाही.

कॅमेऱ्याला मात्र नातू आणि नळ सारखेच. फोनच्या कॅमेऱ्याला तर जास्तच. त्याचा सेन्सर नखाएवढा आणि भिंग इवलंसं, त्यामुळे हातभरावरच्या माणसापासून थेट समोरच्या इमारतीपर्यंत बहुतेक सगळं एकाच वेळी रेखीव येतं. मोठ्या कॅमेऱ्यात मागचं आपोआप विरघळून जायचं. फोनला ते हिशेब करून विरघळवावं लागतं, ‘पोर्ट्रेट मोड’ म्हणतात तो हाच. शिवाय कॅमेऱ्याला एकच डोळा. दहा फुटांवरचं आणि शंभर फुटांवरचं तो एकाच सपाट कागदावर शेजारी-शेजारी चिकटवतो. नळ कानाला चिकटतो तो त्यामुळेच.

स्टुडिओचा सगळा खटाटोप हे टाळण्यासाठी होता. माणसामागे रंगवलेला पडदा लावायचा तोच मुळी बाहेरचं जग आत येऊ नये म्हणून. कोल्हापुरात अशा पडद्यांना मोठी परंपरा आहे. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेऱ्याकडे वळले आणि 1920मध्ये त्यांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. आमच्या स्टुडिओत पडदा होता महालाचा. संगमरवरी जिना, फुलांची कुंडी आणि दूरवर तळं. त्या जिन्यापुढे बसून अर्ध्या गल्लीनं लग्न ठरवण्यासाठी फोटो काढून घेतले. त्या फोटोंत चूक सापडायची नाही आणि नवलही.

उलटं पाहायची सवय

बाबांकडे एक जुना लाकडी कॅमेरा होता, काळ्या कापडाखाली डोकं घालून पाहायचा. त्याच्या मागच्या दुधी काचेवर समोरचं दृश्य उलटं पडतं, डोकं खाली आणि पाय वर. भिंगाचा धर्मच तो. पुढच्या काळातल्या कॅमेऱ्यांत लोलक आला आणि चित्र सुलटं दिसायला लागलं. लहानपणी मला कापडाखाली घुसून पाहायला फार आवडायचं, कारण ओळखीची माणसं तिथं ओळखीची राहत नसत. काकांचा पांढरा सदरा म्हणजे वर चिकटलेला एक मोठा पांढरा चौकोन. काकूची काळी चंद्रकळा म्हणजे त्याला टेकलेला काळा डोंगर. दोघांमधली मोकळी जागासुद्धा एक आकार म्हणून दिसायची.

रचना शोधायची म्हणजे हेच करायचं, नावं थोडी बाजूला ठेवायची. ‘ही खुर्ची’, ‘हा काका’ एवढं कळलं की मेंदू पुढचं पाहणं सोडून देतो. चित्र उलटं केलं की त्याला नावं पटकन सापडत नाहीत आणि नाइलाजानं तो आकार, उजेड, सावली, मोकळी जागा पाहायला लागतो. आता दुधी काच नाही, पण काढलेला फोटो फोनवर उलटा फिरवून पाहता येतो. किंवा गॅलरीत अगदी टिकलीएवढा छोटा करून. तेवढ्या आकारातही नजर धरून ठेवणारा फोटो असेल तर त्यात काहीतरी आहे, हे पक्कं. मी अजून रोज रात्री हे करते. दिवसभराचे फोटो जागच्या जागी डिलीट करत नाही. घाईत पाहताना आपण फक्त ‘ज्याचा काढला तो नीट आला का’ एवढंच बघतो.

कुंपणाच्या फटीतून

आगंतुकाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पॅरिसचं आहे. 1932 साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा तरुण फोटोग्राफर सेंट लाझार स्टेशनामागं उभा होता. पावसाचं पाणी साचलेलं. पाण्यात आडवी पडलेली शिडी, आणि तिच्यावरून एक माणूस उडी मारतो आहे. त्याची टाच पाण्याला टेकायची आहे, खाली त्याचं प्रतिबिंब. एवढ्यानंही फोटो चांगला झाला असता. पण मागच्या भिंतीवर एक पोस्टर आहे आणि त्यावर एक नर्तिका उडी घेते आहे. तशीच, पण उलट्या दिशेला. त्या माणसानं पोस्टर पाहिलेलं नाही. नर्तिकेला तर माणसाचा पत्ताच नाही. दोघांची गाठ पडली ती फक्त या फोटोत.

आणि गंमत पुढंच आहे. कार्तिए-ब्रेसाँनं हा फोटो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढला. फट इतकी अरुंद की भिंग जेमतेम शिरत होतं. फळीमुळे अडलेली बाजू त्याला नंतर कापावी लागली. एरवी फोटो न कापण्याबद्दल तो फार काटेकोर होता. म्हणजे ज्याच्या नावानं ‘निर्णायक क्षण’ जगभर ओळखला जातो, त्यानंही त्या क्षणी सगळं जोखून, मोजून बटण दाबलेलं नव्हतं. जागा हेरायची, टपून राहायचं आणि नंतर प्रिंट पाहताना आलेला पाहुणा ओळखायचा, एवढं त्याचं. बाकीचं पॅरिसनं केलं.

आमच्या स्टुडिओत हा फोटो टिकला असता का, असं मनात येतं. माणूस हललेला, चेहरा दिसत नाही, मागं पोस्टरांचा पसारा. मीच पोस्टरावर ओपेक फिरवला असता.

हललेल्या फोटोचंही तसंच. गिऱ्हाईक हलला की बाबा कपाळावर हात मारायचे, प्लेट वाया! पण रघू राय यांचा 1995मधला मुंबईच्या चर्चगेट स्टेशनवरचा फोटो पाहा. शटर जास्त वेळ उघडं ठेवल्यामुळे चालणारी गर्दी नुसती वाहत्या धुरासारखी झाली आहे आणि तिच्यात पेपर वाचत थांबलेली काही माणसं तेवढी ठसठशीत. मुंबईच्या लोकलचा प्रवासी रोज हेच पाहतो. पण एक जण पेपरात बुडाला आणि बाकी शहर त्याच्या अंगावरून वाहून गेलं, हे डोळ्याला दिसत नाही. शटर उघडं राहिलं म्हणून ते दिसलं. इथं हलणं हाच पाहुणा.

रघुबीर सिंग यांनी तर पाहुण्याला कायमचं घरातच ठेवून घेतलं. ते अँबॅसिडर गाडीतून देशभर फिरले आणि गाडीसकट फोटो काढत राहिले. दाराची चौकट, समोरची काच, बाजूचा आरसा, हे सगळं फ्रेममध्ये. त्यामुळे एका फोटोत तीन-तीन फोटो बसतात, काचेतून पुढचं, आरशातून मागचं आणि उघड्या दारातून बाजूचं. दुसऱ्या कुणी ‘गाडी मधे येतेय’ म्हणून खाली उतरून फोटो काढला असता. 1999मध्ये ते गेल्यावर या फोटोंचं पुस्तक निघालं.

न्यूयॉर्कचा सॉल लायटर घराच्या आसपासच्या चार रस्त्यांवर वर्षानुवर्षं रंगीत फोटो काढत राहिला. वाफाळलेल्या काचा, छत्र्या, बर्फ. त्याच्या 1958च्या ‘कॅनपी’ या फोटोत वरचा बहुतेक भाग नुसता काळा आहे, दुकानाच्या छताच्या झालरीचा. खालच्या उरलेल्या पट्टीत बर्फ आणि माणसं. त्याचं नाव खऱ्या अर्थानं झालं ते ऐंशी ओलांडल्यावर, 2006मध्ये जुन्या रंगीत फोटोंचं पुस्तक आलं तेव्हा. भर पावसात एसटीच्या खिडकीशी बसलेल्या माणसानं हे फोटो जरूर पाहावेत. काच पुसायच्या आधी.

दोन पायांची गॅलरी

आता आमच्या गल्लीतलं सांगते. एक हमाल ड्रेसिंग टेबलाचा उंच आरसा उराशी धरून चालला होता, आरशाचं तोंड बाहेर. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत तो आरशामागं झाकलेला. दोन्ही कडांवर त्याची चार-चार बोटं आणि खाली धुळीनं माखलेल्या चपला, एवढाच तो दिसत होता. आरसा जरा मागं कललेला, त्यामुळे त्यात समोरच्या घराचा वरचा मजला आला होता. लाकडी गॅलरी, कठड्यावर वाळत टाकलेलं हिरवं लुगडं आणि वर आभाळाचा तुकडा. म्हणजे समोरून एक गॅलरी दोन पायांवर चालत येत होती.

अशा वेळी करायच्या गोष्टी थोड्या असतात, पण त्या झटक्यात कराव्या लागतात. पहिली, आपण स्वतः आरशात दिसता कामा नये. म्हणून मी अर्धं पाऊल डावीकडे सरकले. दुसरी, पाय कापले गेले तर फोटोतला जीवच जाईल. म्हणून गुडघे वाकवून फोन खाली घेतला. तिसरी, मागची बाजू. त्याच्यामागं मटणाच्या दुकानाचा लालभडक फलक होता. तो मधे आला असता तर नजर आधी तिकडे पळाली असती. दोन पावलं पुढं एक बंद शटर होतं, राखाडी. तो शटरसमोर येईपर्यंत थांबले आणि बटण दाबलं.

तो थांबून म्हणाला, “ताई, लोक आरशात बघत्यात, तुम्ही आरशाचाच फोटो काढलाय की!”

आरसा भिंतीला टेकवून त्यानं फोन हातात घेतला, बघितलं आणि हसायला लागला. “अवो, माझं तोंडच न्हाई ह्याच्यात!”

“तोंड दिसलं असतं तर गॅलरी चालली नसती, दादा,” मी म्हटलं. ते त्याला पटलं असावं, कारण त्यानं फोटो पोराच्या फोनवर पाठवायला सांगितला.

दुसरं उदाहरण उन्हाळ्यातलं. आमच्या शेजारच्या आक्का गच्चीवर जुन्या साडीवर पापड घालतात आणि कावळे हाकलायला काळी छत्री घेऊन मधोमध बसतात. त्यांच्या गच्चीत उभं राहून पाहिलं तर एक म्हातारी, एक छत्री आणि पापड. फोटो काढावा असं त्यात काही नाही. पण आमच्या वरच्या खिडकीतून खाली पाहिलं की आक्का दिसतच नाहीत. साडीभर फिकट पिवळे गोल आणि त्यांच्यात एक भलामोठा काळा गोल. छत्री म्हणजे त्यातलाच करपलेला एक पापड! फक्त एका बाजूनं काठीचं टोक बाहेर आलेलं, त्यावरून कळतं की खाली कुणीतरी आहे.

“काय गं, पापडाचं कसलं फोटो काढतीस?” आक्कांनी खालून विचारलं.

“तुमचा काढतेय, आक्का.”

“मी दिसतीय काय त्यात?”

“छत्री दिसतीय.”

“मग आधी सांगायचं न्हाईस, नवी उघडली असती!”

या दोन्ही फोटोंत मी काही मांडलेलं नाही. फक्त माझी जागा बदलली, एकदा अर्ध्या पावलानं आणि एकदा एका मजल्यानं. जवळचं आणि लांबचं एकमेकांना कुठं टेकतं, हे आपल्या उभं राहण्यावर ठरतं. बोटांनी झूम करून ते बदलत नाही, फक्त मोठं दिसतं. पाय हलवावे लागतात.

कडा, ऊन आणि धीर

नव्यानं फोटो काढणाऱ्यांना मी सांगते, बटण दाबायच्या आधी मधलं बघून झालं असेल तर चारी कडा एकदा फिरून या. आगंतुक बहुतेक कडेनं येतो. अर्धी सायकल, कुणाचा तरी कोपर, कुत्र्याची शेपटी. अर्धवट आलेला असेल तर ठरवा, त्याला पुरता आत घ्यायचा की पुरता बाहेर ठेवायचा. नुसतं टोक राहिलं तर ते खुपतं. फोनच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ असते, ती चालू ठेवली की कडांकडे लक्ष जायला मदत होते. भर उन्हात स्क्रीनवर उजळ भागाला बोट लावून उजेड कमी करा. सावल्या गडद होतात, फापटपसारा त्यांत बुडतो आणि आकार वर येतात.

एखादी जागा आवडली पण काही घडत नसेल, तर तिथंच थांबावं. भिंतीवर रंगवलेली जाहिरात असेल, तर तिच्यासमोरून जाणारा कुणीतरी तिच्याशी नातं जोडून जातो. आणि आज नाही जमलं तर उद्या. ऊन परत येतं. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी संपून फेब्रुवारी लागताना मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात, तो आपला किरणोत्सव. तेच ऊन आपल्या स्वयंपाकघरातही ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या जागी येतं. आमच्याकडे थंडीत सकाळी खिडकीच्या गजांची सावली ताटाळ्यातल्या ताटांवर पडते आणि सरळ गज प्रत्येक ताटात वाकडे होतात. आंद्रे केर्तेझनं 1928मध्ये एक काटा, एक बशी आणि त्यांची सावली एवढ्यावर फोटो केला आणि तो आजही पाहिला जातो. ताटाळं तर घरोघरी आहे.

ठेवायचं कोणाला?

म्हणजे फोटोत आलेलं सगळंच राहू द्यायचं का? मुळीच नाही. पसारा हा बहुतेक वेळा पसाराच असतो. माझी एक साधी परीक्षा आहे. फोटो समोर धरायचा आणि त्या आगंतुकावर अंगठा ठेवायचा. तो झाकल्यावर फोटो मोकळा, बरा वाटला तर आगंतुकाला खुशाल पुसा. पण झाकल्यावर फोटो मुका झाला, तर पाहुणा घरचाच होता. सेंट लाझारच्या फोटोतल्या नर्तिकेवर अंगठा ठेवून पाहा. एक माणूस डबकं ओलांडतो आहे, एवढंच उरतं.

या परीक्षेत वेळसुद्धा हात घालतो. जुने फोटो डिजिटल करून घ्यायला लोक अजून माझ्याकडे येतात. बारशाचा, मुंजीचा फोटो मोठा करून स्क्रीनवर दाखवला की बाळाकडे कुणी फार वेळ बघत नाही. “अरे, हा आपला जुना रेडिओ!” “ही भिंत पाडली ना नंतर?” “मागं उभा आहे तो कोण, बापू का?” ज्याला तेव्हा खोडायला सांगितलं असतं, त्याच्यावरच सगळ्यांची बोटं पडतात. म्हणून पुसायचंच असेल तर मूळ फोटो वेगळा ठेवून मग पुसावं.

एका बाबतीत मात्र मी अजिबात ऐकत नाही. रचना जुळवण्याच्या नादात माणसाचा विनोद होतो. फलकावरचं रेड्याचं शिंग कुणाच्या तरी डोक्यावर नेमकं बसवायचं, झोपलेल्या माणसाशेजारी ‘सेल’ची पाटी आणायची, हे जमवायला फार अक्कल लागत नाही आणि हसूही लगेच मिळतं. अशा फोटोला माझ्याकडे दुसरी परीक्षा आहे. तो त्या माणसालाच दाखवायचा. हमालाला दाखवला, आक्कांना दाखवला, दोघं हसले. ज्याचा फोटो त्याला दाखवायला हात आखडत असेल, तर रचना लाखात एक जमलेली असली तरी तो फोटो मी तिथंच पुसून टाकते.